जुलै डोळ्यासमोर ठेवून टायर घ्या

मीरा रोड-भाईंदरच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये आता दीड लिटर टर्बोची व्हर्टस किंवा स्लाव्हिया, आय-ट्वेंटी एन लाइन, क्वचित एखादी ऑक्टाव्हिया आरएस सहज दिसते. या गाड्यांचे पहिले टायर घासले की मालकाचा प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात जास्त ग्रिप कोणाची? याच्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. ग्रिप हवी आहे ती नेमकी कोणत्या महिन्यात?

ऋतू कोणता धरायचा

युरोप-अमेरिकेत टायरचा वाद थंडीभोवती फिरतो. तापमान साधारण सात अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, म्हणून तिकडे हिवाळी टायर किंवा 'ऑल सीझन' टायर लागतात. आपल्याकडे ती वेळच येत नाही. त्यामुळे बर्फासाठीची खूण असलेल्या टायरला जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. आपली परीक्षा पावसाळ्यात. मुंबईच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यात काशिमीरा ते वरसावे हा महामार्गाचा तुकडा, कंटेनरच्या चाकांतून उडणारं पाणी आणि पाण्याखाली लपलेला खड्डा. कोरड्या रस्त्यावर मधल्या दर्जाचा टायरही निभावून नेतो. फरक कळतो तो ओल्यात ब्रेक दाबल्यावर.

बाजूवरचे आकडे

व्हर्टस-स्लाव्हियाचं माप 205/55 आर-16. रुंदी 205 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 55 टक्के, रिम 16 इंची. पुढे 91व्ही असं काही लिहिलेलं असतं. 91 म्हणजे एका टायरला 615 किलो भार, व्ही म्हणजे ताशी 240 किलोमीटरपर्यंतची क्षमता. आपण एवढ्या वेगाने जाणार नाही, जाऊही नये. पण हे अक्षर टायर किती उष्णता सोसतो तेही सांगतं. कंपनीने दिलेल्यापेक्षा खालचं अक्षर किंवा खालचा आकडा घेऊ नका. वरचा चालतो.

दुकानात खरं बघायचं ते टायरच्या बाजूवरच्या 'डीओटी' कोडच्या शेवटी असलेले, टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे. 3224 म्हणजे 2024 सालचा बत्तिसावा आठवडा. वर्ष उलटून गेलेला माल असेल तर घासाघीस करा, दोन वर्षांच्या पुढचा असेल तर सरळ परत करा. चारही टायरांवरची तारीख बघायची, एकावरची नाही.

पाणी आणि नक्षी

टायरवरच्या चरांचं काम पाणी बाहेर फेकण्याचं. ते जमेनासं झालं की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. नासाच्या लँग्ली केंद्रात हॉर्न आणि ड्रेहर यांनी 1963 मध्ये विमानांच्या टायरांसाठी एक ठोकताळा मांडला. त्यानुसार हा धोक्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. 33 पीएसआयला तो ताशी सुमारे 95 किलोमीटर येतो, 25 पीएसआयला 83. कारच्या टायरला हे गणित जसंच्या तसं लागू होत नाही, पण दिशा स्पष्ट आहे: हवा कमी म्हणजे तरंगण्याची वेळ लवकर.

नक्षी किमान 1.6 मिलिमीटर उरलेली असावी, असा नियम आहे. नवा टायर साधारण आठ मिलिमीटरचा असतो. माझं मत विचाराल तर पावसाळ्याच्या तोंडावर तीन मिलिमीटरच्या खाली आलेला टायर या रस्त्यांवर ठेवूच नये. 'अजून पाच हजार किलोमीटर निघतील' हा हिशेब नोव्हेंबरात करावा, मे महिन्यात नाही.

रुंद टायरचा मोह

"साहेब, सतरा टाका, लूक येतो," असं दुकानात हमखास ऐकू येतं. माप म्हणून ते चुकीचं नसतं. 205/55 आर-16 चा व्यास 632 मिलिमीटर, 225/45 आर-17 चा 634. स्पीडोमीटर जवळजवळ तोच राहतो. पण दोन गोष्टी बदलतात. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून तो लवकर तरंगतो. आणि बाजूची भिंत 113 वरून 101 मिलिमीटरवर येते. खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामध्ये तेवढंच रबर असतं. मेट्रोच्या खांबांशेजारी पाणी साचलेल्या रस्त्यावर एक खड्डा बसला की आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी टायरच्या कुशीला फुगा दिसतो. तो दुरुस्त होत नाही आणि साध्या वॉरंटीत बहुधा बसतही नाही. रोज मीरा-भाईंदर ते अंधेरी असं जाणाऱ्याने मूळ मापच ठेवावं.

बाजारात काय मिळतं

12 जून 2020 रोजी केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकली. तेव्हापासून परदेशी स्पोर्ट टायरची मोठी मापं कधी मिळतात, कधी महिनोन्‌महिने मिळत नाहीत. म्हणून टायर अगदी संपायच्या आधीच चौकशी सुरू करावी. आयएसआयचा शिक्का नसलेला माल 'बाहेरचा ओरिजिनल' म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

निवड ढोबळमानाने दोन जातींत होते. मिशेलिन प्रायमसी, काँटिनेंटल अल्ट्राकाँटॅक्ट यांसारखे टूरिंग टायर शांत असतात आणि जास्त चालतात. पायलट स्पोर्ट किंवा मॅक्सकाँटॅक्ट हे स्पोर्ट टायर वळणाला चिकटून राहतात पण लवकर घासतात. लोकांचा समज असतो की स्पोर्ट टायर पावसात वाईट. रस्त्यासाठी बनवलेले चांगले स्पोर्ट टायर ओल्यातही उत्तम ब्रेक देतात. वाईट असतात ते ट्रॅकसाठीचे, जवळजवळ चर नसलेले सेमी-स्लिक. एका लिटरच्या किंवा दीड लिटरच्या टर्बोला ओल्यात चांगला असलेला टूरिंग टायर पुरतो. आरएससारख्या गाडीला स्पोर्ट टायरच घ्यावा. अपोलोने 2009 मध्ये विकत घेतलेल्या नेदरलँड्सच्या व्रेडेस्टाइनचे टायरही आता इथे मिळतात, ते यादीत असू द्या.

काही टायरांवर 'ट्रॅक्शन'चा दर्जा छापलेला असतो: एए, ए, बी, सी. तो ओल्या रस्त्यावरच्या सरळ ब्रेकिंगचा आहे. आपल्याला एए किंवा ए हवा.

दोनच बदलायचे असतील तर

गाडी पुढच्या चाकांवर चालत असली तरी नवे टायर मागे बसवा. दुकानात उलट सल्ला मिळेल. पुढचं चाक सरकलं तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून सावरता येते. मागचं सरकलं तर गाडी गरकन फिरते. टायरचा प्रकारच बदलणार असाल तर आणखी एक गोष्ट: काही बीएमडब्ल्यू गाड्यांना मूळ रन-फ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे टायर असतात आणि स्टेपनी नसते. त्यांना साधे टायर घालायचे तर हवेचा पंप आणि पंक्चर किट डिकीत हवंच.

उन्हाळा आणि समृद्धी

5 जून 2025 रोजी इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाल्यापासून 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग भिवंडीपर्यंत आला आहे. मे महिन्यातलं काँक्रीट, ताशी 120 किलोमीटर आणि कमी हवा या तिन्हींची गाठ पडली की टायर फुटतो. प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर थंड असताना हवा तपासा. वाटेत दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका.

कधी घ्यायचे

22 सप्टेंबर 2025 पासून कारच्या टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. बिलावर तो तपासून घ्या. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. नव्या टायरवर साच्याचा गुळगुळीत थर असतो, तो जायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात, आणि ते कोरड्या रस्त्यावर झालेले बरे. म्हणून खरेदी मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उरका.