सातबाऱ्याची जेपीजी अंधुक येतेय? पीडीएफवरून फोटो काढताना या सेटिंग बघा

अनुदानाचा अर्ज असो, पीक कर्ज असो की पोराचा भरतीचा फॉर्म, कागद आता ऑनलाइनच जोडावे लागतात. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला हे सगळं हातात येतं पीडीएफमध्ये, आणि काही अर्जांत जागा असते फक्त जेपीजीला, तीही ठरावीक केबीच्या आत. मग घाईघाईत पीडीएफ उघडून स्क्रीनशॉट मारला जातो आणि व्हॉट्सॲपवरून केंद्रावर पाठवला जातो. अर्ज भरला जातो खरा, पण तपासणाऱ्याला गट नंबरच वाचता येत नाही. कागद अस्पष्ट म्हणून अर्ज परत येतो. तोवर मुदत संपलेली असली तर वर्षभराचं काम गेलं.

पीडीएफमध्ये स्वच्छ दिसणारं अक्षर जेपीजीत का बिघडतं, याचं कारण साधं आहे. डिजिटल सातबाऱ्याच्या पीडीएफमध्ये अक्षर हे अक्षर म्हणूनच साठवलेलं असतं. कितीही झूम करा, कडा फाटत नाहीत. त्याची जेपीजी केली की पान ठिपक्यांत गोठतं. जेवढे ठिपके घेतले तेवढंच दिसणार, नंतर वाढवून मिळत नाहीत. एका इंचात किती ठिपके घ्यायचे, हे सांगणारा आकडा म्हणजे डीपीआय. सॉफ्टवेअरमध्ये तो 'रेझोल्यूशन' या नावाने दिसतो.

ए-फोर पान सव्वाआठ इंच रुंद आणि पावणेबारा इंच उंच असतं. ७२ डीपीआयला त्याची रुंदी ५९५ ठिपके भरते, १५० ला १२४० आणि ३०० ला २४८०. आकडा दुप्पट केला की एकूण ठिपके चौपट होतात. १५० ला साधारण पावणेबावीस लाख, तर ३०० ला ८७ लाख. फाईल एकदम फुगते ती यामुळे.

आता स्क्रीनशॉटचा हिशेब बघा. ज्या मोबाईलची स्क्रीन ७२० पिक्सेल रुंद आहे, त्यावर अख्खं पान उभं बसवून फोटो काढला तर जेमतेम ८७ डीपीआय पडतात. मराठीत रफार, अनुस्वार, वेलांटी आधीच बारीक. एवढ्या ठिपक्यांत त्या पुसल्या जातात, आणि क्षेत्राच्या रकान्यात ०.३० आहे की ०.८० हे कळेनासं होतं. त्यावर व्हॉट्सॲप फोटो आणखी दाबतं. म्हणून केंद्रावर पाठवताना मूळ पीडीएफच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी, फोटो म्हणून नाही.

सेटिंग कुठे असतात?

ॲक्रोबॅटच्या पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीत 'एक्सपोर्ट'मध्ये 'इमेज' आणि मग 'जेपीईजी' निवडता येतं. शेजारी दातेरी चाकाचं चिन्ह असतं. बहुतेकजण ते न उघडता थेट पुढे जातात, आणि खरं काम तर तिथेच आहे. त्यात क्वालिटी, रंग आणि रेझोल्यूशन अशा तीन गोष्टी बघायच्या. रेझोल्यूशन 'आपोआप ठरवा' असं ठेवलेलं असेल तर बदलून २०० करावं. क्वालिटी मध्यम ठेवून फाईल काढावी आणि वजन बघावं. मर्यादेत बसली तर तिथेच थांबावं. नाही बसली तर १५० वर यावं. सातबाऱ्यासारख्या बारीक अक्षराच्या कागदाला १५० च्या खाली जाऊ नये. क्वालिटी अगदी तळाला नेली तर अक्षरांभोवती राखेसारखे डाग दिसू लागतात, तेही वाचायला त्रासदायकच.

रंगाचं म्हणाल तर 'ग्रेस्केल' केल्याने स्कॅन केलेल्या रंगीत कागदाचं वजन थोडं उतरतं. मुळातच काळ्या-पांढऱ्या कागदाला त्याचा फारसा फायदा नाही. शिक्का निळा किंवा जांभळा असेल आणि तो दिसायला हवा असेल, तर रंग तसाच ठेवलेला बरा.

त्याच पडद्यावर 'सर्व इमेज एक्सपोर्ट करा' असा एक चौकोन असतो. नाव वाचून वाटतं की सगळी पानं मिळतील. प्रत्यक्षात पानाच्या आत चिकटवलेली चित्रंच तेवढी बाहेर येतात. सातबाऱ्यावर टिक केली तर हाती एखादं बोधचिन्ह लागेल आणि मजकूर गायब असेल. तो चौकोन रिकामा सोडावा. शिवाय प्रत्येक पानाची वेगळी जेपीजी निघते. आठ-अ तीन पानांचा असेल तर तीन फायली होतील, हे आधीच लक्षात ठेवावं.

फुकट मिळणाऱ्या ॲक्रोबॅट रीडरमध्ये ही सोय नाही. लिब्रेऑफिस ड्रॉ हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात पीडीएफ उघडून 'एक्सपोर्ट' केलं की रेझोल्यूशन आणि क्वालिटी दोन्ही विचारली जाते. मात्र तिथे मराठी जोडाक्षरं कधीकधी फुटतात, तेव्हा मूळ कागदाशी ताडून बघितल्याशिवाय फाईल पुढे पाठवू नये.

पीडीएफ स्कॅन केलेली असेल तर गोष्ट वेगळी. तिच्यात अक्षर नसतंच, आत फोटोच असतो. १०० डीपीआयवर स्कॅन केलेला जुना फेरफार ३०० वर एक्सपोर्ट केला तर वजन वाढेल, स्पष्टपणा तोच राहील. अशा वेळी सेटिंगशी झगडण्यापेक्षा कागद उजेडात सपाट ठेवून पुन्हा स्कॅन करावा.

ऑनलाइन सातबारा डिजिटल स्वाक्षरीचा असतो आणि त्याला १५ रुपये मोजलेले असतात. त्याची जेपीजी केली की स्वाक्षरीचं नुसतं चित्र उरतं. सॉफ्टवेअरमध्ये ती तपासता येत नाही. त्यामुळे अर्जात पीडीएफ चालत असेल तर रूपांतर करूच नये, आणि जेपीजी दिली तरी मूळ फाईल जपून ठेवावी. क्यूआर कोड असलेल्या कागदाची जेपीजी काढल्यावर तो दुसऱ्या मोबाईलवरून स्कॅन होतो का, तेही बघून घ्यावं.

पीडीएफची जेपीजी करून देणाऱ्या फुकटच्या वेबसाइट भरपूर आहेत. त्यावर फाईल टाकली की ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते. आधार किंवा बँक पासबुकासाठी त्या वापरू नयेत. आधारचे शेवटचे चारच अंक दाखवणारं 'मास्क्ड आधार' यूआयडीएआयच्या वेबसाइटवर मिळतं, पूर्ण क्रमांकाची सक्ती नसेल तिथे तेच द्यावं. डाउनलोड केलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो. इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्माचं वर्ष टाकलं की ते उघडतं, त्यानंतरच एक्सपोर्टचं बघता येतं.

फाईल तयार झाली की अपलोड करण्याआधी मोबाईलवर उघडून गट नंबर, क्षेत्र आणि खातेदाराचं नाव या तीन जागी झूम करून वाचावं. वजन जास्त निघालं तर तीच जेपीजी पुन्हा दाबू नये, दर वेळी ती आणखी बिघडते. मूळ पीडीएफ उघडून कमी आकड्यावर नवी काढावी.