टीव्हीवरच्या कुस्तीचं परीक्षण

अमेरिकी व्यावसायिक कुस्तीत निकाल आधीच ठरलेला असतो. त्यामुळे परीक्षणात ‘कोण जिंकलं’ यापेक्षा लढतीनं गोष्ट कशी रंगवली, हे पाहायचं. २३ मार्च १९९७ रोजी रेसलमेनिया १३ या कुस्तीच्या कार्यक्रमात झालेली ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिन यांची लढत घ्या. हार्टनं पायांचा पेच आवळलाय, ऑस्टिनचा चेहरा रक्तानं माखलाय, तरी तो हार मानत नाही. त्याची शुद्ध हरपते तेव्हा पंच लढत थांबवतात. त्यानंतरही हार्ट त्याला मारत राहतो. खलनायक म्हणून आलेला ऑस्टिन लोकांचा लाडका होऊन जातो आणि हार्ट नकोसा. समीक्षक डेव्ह मेल्टझर यांनी या लढतीला पाच तारे दिले. निकाल ठरलेला असला तरी आपटणं खरंच असतं आणि दुखापतीही अनेकदा खऱ्या असतात. परीक्षण लिहिताना त्यांची दखल जरूर घ्या.