दगड तेल का सोडत नाही?

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात राजूरच्या चुनाभट्ट्या ज्या चुनखडकावर चालतात, त्यातले मुख्य खनिज कॅल्साइट. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाखाली किलोमीटरभराहून खोल, ‘मुंबई हाय’चे तेल ज्या खडकात साठले आहे, तोही मुख्यतः चुनखडकच. वयात मात्र प्रचंड अंतर. आपला राजूरचा खडक जमिनीवर झाडे उगवण्याच्याही कितीतरी आधीचा, तर मुंबई हायचा साधारण दोन कोटी वर्षांचा. पण सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका, दोन्ही सारखेच फसफसतात.

जमिनीखाली तेलाचे तळे असते, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात तेल खडकाच्या बारीक छिद्रांत असते आणि त्यातली बरीच छिद्रे केसाहूनही अरुंद असतात. ‘सागर सम्राट’ या समुद्री खोदाई-मंचाने १९७४ मध्ये मुंबई हायचे तेल शोधले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९८४ पासून दाब टिकवण्यासाठी खडकात समुद्राचे पाणी सोडले जाऊ लागले. पाणी तेलाला विहिरीकडे ढकलते. तरीही जगभरच्या तेलक्षेत्रांतून सरासरी तिसरा हिस्साच वर येतो. बाकीचे आतच राहते, आणि त्यामागचे एक मोठे कारण दगडाच्या पृष्ठभागावर आहे.

कच्च्या तेलात थोडी सेंद्रिय आम्लेही असतात. खाऱ्या पाण्याच्या सान्निध्यात त्यांच्या रेणूंचे एक टोक ऋणभारित होते. तेलसाठ्यातल्या कॅल्शियमयुक्त पाण्यात कॅल्साइटचा पृष्ठभाग बहुधा धनभारित असतो. दोघांची गाठ पडली की रेणूचे टोक दगडाला घट्ट धरते आणि त्याची तेलकट शेपटी बाहेर राहते. कढईला धरलेला चिकट थर नुसत्या पाण्याने सुटत नाही, तसेच इथे होते. प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसते. कॅल्साइटची स्वच्छ चकती खाऱ्या पाण्यात बुडवून तिच्या खालच्या बाजूला तेलाचा थेंब सोडला, तर तो गोल राहतो. तीच चकती काही आठवडे गरम कच्च्या तेलात मुरवून पुन्हा तोच प्रयोग केला, तर थेंब दगडावर पसरतो. दगडाने पाणी सोडून तेलाची बाजू घेतलेली असते.

ही बाजू बदलता येते का? नॉर्वेतल्या एकोफिस्क या खडूच्या तेलक्षेत्राने होकारार्थी उत्तर दिले. तिथे १९८७ पासून समुद्राचे पाणी सोडले गेले आणि तेल अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. स्टाव्हांगर विद्यापीठातल्या टूर ऑस्टाड यांच्या गटाने त्याचे श्रेय मुख्यतः पाण्यातल्या सल्फेटला दिले. सल्फेट दगडावर बसून त्याचा धनभार उतरवतो, त्यामुळे कॅल्शियम पृष्ठभागाजवळ येऊन आम्लाचे टोक सोडवू शकतो. उष्णता जास्त असेल तर मॅग्नेशियमही हातभार लावतो. पण सल्फेटचे दुखणेही आहे. आतल्या पाण्यात बेरियम असेल तर बेरियम सल्फेटचा कठीण थर नळ्यांत साचतो.

वालुकाश्माचे गणित वेगळे. त्यातल्या चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असतो आणि कॅल्शियम पुलासारखा मध्ये राहून तेलाला धरून ठेवतो. पाण्यातले मीठ कमी केले की ही पकड सैल होते. अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठात नॉर्मन मॉरो यांनी १९९० च्या दशकात यावर पायाभूत काम केले. ब्रिटनच्या शेटलंड बेटांजवळच्या, २०१८ मध्ये सुरू झालेल्या क्लेअर रिज या तेलक्षेत्रासाठी ‘बीपी’ कंपनीने ही पद्धत निवडली. मात्र पाणी फार गोडे झाले तर चिकणमाती फुगते, सुटते आणि छिद्रेच बुजवते.

हे शास्त्र यवतमाळकरांना परके नाही. पांढरकवडा, झरी जामणी भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड सापडते, त्यामागेही पाणी आणि खनिज यांचाच व्यवहार आहे. पाण्यात पुरेसा कॅल्शियम असेल तर फ्लोराइड त्याच्याशी जोडी जमवून घनरूपात बाहेर पडते. कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त असेल तर ते पाण्यातच राहते आणि दात-हाडांवर उठते. म्हणून पाण्याच्या तपासणीत फ्लोराइडच्या आकड्याशेजारी कॅल्शियमचा आकडाही वाचायला हवा.

आता पुन्हा मुंबई हायकडे. जानेवारी २०२५ मध्ये तिथले उत्पादन वाढवण्यासाठी ओएनजीसीने याच बीपीची तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड केली. तिचा अनुभव मोलाचा आहे, पण क्लेअर रिज वालुकाश्माचा आणि मुंबई हाय चुनखडकाचा. तिथली कृती इथे जशीच्या तशी चालणार नाही. किती मीठ, किती सल्फेट, हे मुंबई हायचाच दगड, तिथलेच तेल आणि तिथलेच पाणी एकत्र ठेवून तपासावे लागेल.