लसणाचा दांडा आणि कांद्याचा डेंगळा

युरोप व उत्तर अमेरिका येथील थंड मुलखांत घरच्या बागेंत जो लसूण लावितात, त्याच्या मधोमध उन्हाळ्याच्या आरंभीं एक हिरवा भरीव दांडा वर येतो. त्याच्या शेंड्यास टोकदार कळी असते. वाढतां वाढतां दांडा वांकून त्याचें वेटोळें होतें, आणि तें झालें कीं बागवान तो खुडून टाकितो. कळी उमलण्यापूर्वींच ती तोडावी हें बालवाचकांस निष्ठुरपणाचें वाटेल. परंतु कारण ऐकावें.

पानें सूर्यप्रकाशांत जें अन्न तयार करितात, त्याचे वांटेकरी दोन: जमिनींतील गड्डा व वरचा दांडा. आतां या दांड्यास बीं तरी धरावें. पण लागवडीच्या लसणाचें फूल बहुधा वांझच असतें. बियांच्या ऐवजीं त्या कळींत दाण्याएवढ्या बारीक कुड्या धरतात. त्या पेरल्या तर रोप उगवतें खरें, परंतु भरदार गड्डा हातीं येण्यास दोन किंवा अधिक वर्षें लागतात. एवढ्यासाठीं यंदाचा गड्डा कोण बारीक होऊं देईल?

दांडा सर्वांत वरच्या पानाच्या बेचक्यावर, कोरड्या दिवशीं मोडावा. वेटोळें उलगडून दांडा सरळ झाला म्हणजे तो निबर होतो. कोंवळा दांडा टाकाऊ नव्हे. चीन व कोरिया या देशांत त्याची भाजी आवडीनें खातात. पानें मात्र कापूं नयेत. गड्ड्यावरील पांढरा पापुद्रा म्हणजे पानाचेंच बूड होय, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरांत लावून फेब्रुवारी-मार्चांत काढतात त्या लसणाची जात निराळी आणि थंडीही बेताची. त्यामुळें त्यास दांडा सहसा येतच नाहीं. म्हणूनच त्याच्या मऊ पातीची वेणी घालून जुड्या टांगतां येतात. दांडा येतो तो शेजारच्या वाफ्यांतील कांद्यास, आणि त्यास आपण डेंगळा म्हणतों. रोप मोठें झाल्यावर बरेच दिवस कडक थंडी लागली, म्हणजे तो अवेळीं निघतो.

लसणाचा नियम कांद्यास लावूं गेल्यास मात्र फसगत होते. लसणाच्या कुड्या दांड्याच्या सभोंवतीं निरनिराळ्या बसलेल्या असतात. दांडा गेला तरी त्या भरतात. कांदा म्हणजे एकांत एक पापुद्रे, आणि डेंगळा निघतो तो त्यांच्या गाभ्यांतूनच. तो खुडला तरी गाभ्यांत कठीण दांडका राहतोच. शिवाय डेंगळा पोकळ असल्यामुळें मोडलेल्या नळींत पाणी शिरून कांदा कुजतो. सबब असे कांदे लवकर उपटून आधीं खाण्यास घ्यावे. चाळींत इतरांबरोबर सांठवूं नयेत.

बीं धरण्यासाठीं डेंगळा हवाच, हें खरें. पण त्यासाठीं चांगले पोसलेले, टिकाऊ कांदे निवडून पुन्हा लावावे. पहिल्याच हंगामांत अवेळीं डेंगळा आलेल्या कांद्याचें बीं कितीही टपोरें दिसलें तरी घेऊं नये. त्याच्या रोपांसही तीच खोड लागण्याचा संभव असतो.