पिवळा कुर्ता, विटलेली साडी

कथकच्या सरावाचा पांढरा कुर्ता काखेत पिवळा पडतो, तो नुसत्या घामाने नव्हे. डिओडरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार घामात मिसळून कापडात बसतात. यावर क्लोरीनचं ब्लीच वापरण्याचा मोह टाळा: लायक्रा असलेला चुडीदार त्याने आणखी पिवळा होतो, ढिलाही पडतो. त्यापेक्षा सोडियम परकार्बोनेट असलेली डाग काढायची पावडर कोमट पाण्यात विरघळवून कुर्ता काही तास भिजवा. शेवटच्या पाण्यात नीळ, पण कपडा बुडवण्याआधी पाणी नीट ढवळून. नाहीतर निळे ठिपके ठरलेले. नीळ डाग काढत नाही, पिवळेपणा फक्त झाकते.

भरतनाट्यमच्या सरावाची विटलेली सुती साडी घरी पुन्हा रंगवता येते. सुती कापडाचा रंग, गरम पाणी आणि मीठ, एवढं पुरतं. पॉलिएस्टरचा दोरा मात्र हा रंग घेत नाही, त्यामुळे शिवण जुन्याच रंगाची राहते. (हल्ली ते मुद्दाम केल्यासारखंही खपून जातं.) सुकवताना साडी उलटी करून सावलीत.

रेशमी, जरीच्या पोशाखावर यातला एकही प्रयोग नको. कार्यक्रमानंतर तो लगेच घडी न करता वाऱ्यावर टांगा. पुढचं काम ड्रायक्लीनरचं.