लाटेवर उभे राहताना

हवाई बेटांवर शेकडो वर्षे रुजलेला सर्फिंगचा खेळ, १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमधील सुवर्णपदकविजेते जलतरणपटू ड्यूक कहानामोकू यांनी जगापुढे नेला. अलीकडे तो गोव्यात हरमल-मांद्रेच्या किनाऱ्यावर आणि मंगळूरजवळच्या मुल्की येथेही शिकविला जातो. सुटीत तिकडे वळणाऱ्यांत आपल्या बेळगावची तरुण मंडळीही असतात. त्यांत डॉक्टरांची मुले अधिक, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. नवशिक्याने फळीवर उभे राहणे ही क्रिया शरीरशास्त्राच्या दृष्टीने मनोरंजक आहे आणि तिच्यात एक धोकाही दडलेला आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आठ-नऊ फूट लांबीची, मऊ फोमची फळी दिली जाते. ती रुंद व जाड असल्याने चांगली तरंगते आणि लहानशा लाटेनेही वेग घेते. चालत्या सायकलीचा तोल सावरतो, थांबलेलीचा जातो. फळीचेही काहीसे तसेच. त्यामुळे तिने वेग घेण्यापूर्वीच उभे राहू पाहणाऱ्याची गत ठरलेली असते. शिक्षण कंबरभर पाण्यात, फुटून किनाऱ्याकडे धावणाऱ्या फेसाळ लाटांवर होते. फळीवर पालथे पडावे. फार पुढे सरकल्यास तिचे टोक पाण्यात घुसते, फार मागे राहिल्यास शेपूट बुडून वेग मरतो. लाटेने मागून उचलले की आणखी दोन-तीन हात मारावेत, तळवे बरगड्यांजवळ टेकून अंग उचलावे आणि दोन्ही पाय एका झटक्यात छातीखाली आणावेत. आधी गुडघ्यांवर बसून मग उठणे सोपे वाटते खरे. परंतु तेथून एक पाऊल पुढे टाकताना सारा भार एका बाजूस झुकतो आणि बहुतेकजण तिथेच कलंडतात. ही हालचाल आधी वाळूत फळीची आकृती आखून वीस-पंचवीस वेळा केलेली बरी.

उभे राहिल्यावर पावले मध्यरेषेवर आडवी, गुडघे वाकलेले. नवशिका हमखास पायांकडे पाहतो, आणि घात तिथेच होतो. डोळे, अंतःकर्ण आणि स्नायू-सांध्यांतील संवेदना ही तोलाची त्रयी आपणा सर्वांस परिचित आहे. फळी डुलत असताना पायांकडून येणारी वार्ता क्षणोक्षणी बदलते. अशा वेळी किनाऱ्यावरचा एखादा स्थिर माड हाच खरा आधार. मान खाली घालणारा तो गमावतो, शिवाय मस्तकाच्या वजनाने त्याचा गुरुत्वमध्यही पुढे सरकतो.

पडणे अटळच. उथळ पाण्यात डोक्यावर सूर मारू नये. अंग पसरून पडावे व वर येताना हातांनी डोके झाकावे, कारण घोट्याला दोरीने बांधलेली फळी परत येऊन आदळते. पावसाळी समुद्रात तर नवशिक्याने उतरूच नये.

आता त्या धोक्याविषयी. २००४ साली हवाईतील नऊ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध होऊन ‘सर्फर्स मायेलोपथी’ हे नाव वैद्यकीय साहित्यात आले. याचे रुग्ण बहुधा तरुण, निरोगी आणि पहिल्यांदाच फळीवर गेलेले असतात. मार लागल्याचा इतिहास नसतो. पालथे पडून, छाती व मान उचलून दीर्घकाळ लाटेची वाट पाहणे, म्हणजेच कणा मागे वाकलेला ठेवणे, हे त्यांतील समान सूत्र. त्या स्थितीत मज्जारज्जूच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा खंडित होत असावा असे मानले जाते, मात्र नेमक्या यंत्रणेबद्दल मतभेद आहेत. आधी अचानक पाठदुखी, मग काही मिनिटांत वा तासांत पायांत मुंग्या, बधिरता, शक्तिपात आणि मूत्रावरोध असा क्रम दिसतो. काही रुग्ण पूर्ण बरे होतात, काहींना कायमचा अधरांगघात राहतो. सिद्ध झालेला उपचार नाही. विकार विरळा आहे, पण म्हणूनच ‘स्नायू भरला असेल’ असे समजून वेदनाशामक देऊन रुग्णाला घरी पाठविले जाण्याचा संभव अधिक.

प्रतिबंध मात्र साधा आहे. दोन लाटांच्या मध्ये फळीवर पडून न राहता पाण्यात उभे राहावे, आणि पाठ दुखू लागताच, दुखणे कितीही किरकोळ वाटले तरी, तत्काळ किनाऱ्यावर यावे. समुद्रावरून आलेल्या तरुणाने पाठदुखी सांगितल्यास फळीवर किती वेळ पालथा होता हे विचारावे, पायांची शक्ती व संवेदना तपासावी, लघवी झाली का हे पाहावे, आणि शंका येताच एमआरआयसाठी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.