विश्लेषण : स्पॅनिश क्रियापदात जोर चुकला की काळ का बदलतो?

‘मी पैसे भरतो’ आणि ‘त्याने पैसे भरले’ हा फरक स्पॅनिशमध्ये स्वरावरच्या एका तिरक्या रेघेत मावतो. ‘पागो’मध्ये ‘पा’वर जोर दिला, तर पैसे मी भरतो, ‘गो’वर दिला, तर ते त्याने भरले. लिहिताना दुसऱ्या रूपातील ‘ओ’वर रेघ येते. ती विसरली, तर कर्ता आणि काळ दोन्ही बदलतात.

शब्दाचे तुकडे कसे पाडतात?

प्रत्येक तुकड्यात स्वर हवाच. दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढच्या स्वराकडे जाते : पा-गार (पैसे भरणे). दोन व्यंजने सहसा विभागली जातात : कान्-तार (गाणे). मात्र ब्ल, प्र, त्र अशा जोड्या फुटत नाहीत. म्हणून ‘मी बोलतो’ हे ‘आ-ब्लो’, ‘आब्-लो’ नव्हे.

इ किंवा उ हे स्वर आ, ए, ओ यांच्या शेजारी आले, तर दोघांचा मिळून एकच तुकडा होतो. पण जोर इ किंवा उ वर असेल, तर त्यावर रेघ येते आणि तुकडे दोन होतात. लॅटिन अमेरिकेतील उच्चारानुसार ‘आ-स्या’ म्हणजे ‘च्या दिशेने’, तर ‘आ-सी-आ’ म्हणजे ‘तो करत असे’.

जोर कुठे द्यायचा?

शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. अन्य व्यंजन असेल तर शेवटच्या तुकड्यावर. जोर याहून वेगळ्या जागी असेल, तर रेघ देतात. ‘तेर-मि-नो’ हे त्याचे उत्तम उदाहरण. जोर पहिल्या तुकड्यावर असल्यास ‘संज्ञा’ किंवा ‘मुदत’, दुसऱ्यावर ‘मी संपवतो’, तिसऱ्यावर ‘त्याने संपवले’.

सर्वनाम जोडले तर?

‘कोम्-प्रा’ म्हणजे ‘विकत घे’. त्याला ‘लो’ जोडला की ‘ते विकत घे’. जोर ‘कोम्’वरच राहतो, पण तो आता शेवटून तिसरा तुकडा असल्याने रेघ द्यावी लागते.

नियम बदलतात का?

होय. ‘मी पळालो’ या अर्थाच्या ‘उइ’ या रूपावर पूर्वी रेघ देत. १७१३ मध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश भाषेच्या शाही अकादमीने १९९९ मध्ये ती ऐच्छिक केली आणि २०१० च्या लेखननियमांत काढून टाकली. उच्चार कोणी दोन तुकड्यांत केला, तरी लेखनात तो एकच तुकडा मानला जातो.

मराठी भाषकांना अडचण का येते?

मराठीत जोराची जागा बदलल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही. त्यामुळे कानाला ती सवय नसते. म्हणून क्रियापदाचे रूप जोरासह, मोठ्याने म्हणूनच पाठ करावे. मोबाइलवर स्पॅनिश लिहिताना स्वराची कळ दाबून धरली, की रेघेचा पर्याय दिसतो.